पॅरिशच्या वह्यांतून इंग्लिश घराण्याचा माग

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात, आणि खापरपणजोबा कधी येऊन गेले, सोबत कोण होतं, हे त्यात मिळतं. ती वही घराण्याची असते. इंग्लंडमधल्या चर्चची नोंदवही गावाची असते. व्हिकरने, म्हणजे गावच्या धर्मगुरूने, कोणत्या दिवशी कोणाचा बाप्तिस्मा केला, कोणाचं लग्न लावलं, कोणाला पुरलं, एवढंच तारखेच्या ओळीने लिहिलेलं असतं. जमीनदार आणि शेतमजूर एकाच पानावर येतात, आणि एका नोंदीचा दुसरीशी संबंध काय, हे वही सांगत नाही. नाव सापडायला आजकाल दहा मिनिटं पुरतात. ते नाव आपल्याच माणसाचं आहे का, हे ठरवण्यात महिने जातात, आणि खालची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

पॅरिश म्हणजे वसईचे ख्रिस्ती लोक ज्याला 'धर्मग्राम' म्हणतात तेच. मात्र इंग्लंडमध्ये पॅरिशकडे गरिबांना मदत, रस्तेदुरुस्ती अशी सरकारी कामंही होती. त्या कामांचे कागद पुढे उपयोगी पडतात.

आधी 1837च्या अलीकडचं काम संपवा

थेट 1700 सालात उडी मारणारे हमखास चुकीच्या घरात शिरतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जुलै 1837 पासून जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिथपर्यंत एकेक पिढी मागे जात या. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन जन्मसूचीत आईचं माहेरचं आडनाव 1837 पासून दिलेलं आहे, त्यामुळे एका जोडप्याची सगळी मुलं गोळा करता येतात. त्यासोबत जनगणना पाहा. 1841च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, म्हणजे 39 वर्षांचा माणूस 35चा दिसतो, आणि जन्मगावाऐवजी 'याच परगण्यात (काउंटीत) जन्म का' एवढाच प्रश्न आहे. 1851 पासून मात्र वय, कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्माचं पॅरिश मिळतं. तुमचा माणूस 1851 साली जिवंत होता की नव्हता, यावर पुढचं अर्धं काम सोपं किंवा अवघड ठरतं.

इथे पैसे वाचवण्याची एक गोष्ट. 1837 नंतर चर्चमध्ये लागलेल्या लग्नाचा सरकारी दाखला मागवायची घाई करू नका. चर्चच्या विवाहवहीत तेच रकाने आहेत: वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण, दोघांच्या वडिलांची नावं आणि त्यांचे व्यवसाय. त्या पानाचं छायाचित्र बऱ्याचदा घरबसल्या पाहता येतं. वर त्यात जोडप्याच्या मूळ सह्या किंवा अंगठ्याच्या जागी काढलेली फुली असते. दाखल्याच्या नकलेत ती नसते.

कोणत्या सालाच्या वहीत काय मिळेल

वही उघडण्यापूर्वी अपेक्षा ठरवलेली बरी, कारण एकाच गावाची 1600ची आणि 1820ची वही म्हणजे दोन वेगळे प्राणी आहेत.

आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, 1538 साली, थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला नोंदवही ठेवायला लावली. सुरुवातीच्या नोंदी बहुधा कागदावर, काही सुट्या पानांवर होत्या. 1598 साली हुकूम निघाला की जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वहीत उतरवून घ्याव्यात, विशेषतः पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या. 'विशेषतः' हा शब्द बऱ्याच व्हिकरांनी सोयीने घेतला आणि आधीची वीस वर्षं गाळली. एवढ्या वह्या 1558 पासूनच का सुरू होतात, त्याचं कारण हे. त्याच हुकुमाने दरवर्षीच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवणं सक्तीचं झालं. या नकलांना बिशप्स ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. मूळ वही जळाली, भिजली, उंदरांनी खाल्ली तर त्या तारतात.

जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत कधी फक्त मूल आणि बाप असतो. आईचं नाव पुढे हळूहळू येऊ लागलं, पण माहेरचं आडनाव सहसा नसतंच. 25 मार्च 1754 रोजी लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा लागू झाला आणि लग्नाची स्वतंत्र वही आली. तीत दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि लग्न तीन रविवारी चर्चमध्ये पुकारून झालं की परवाना काढून, याची नोंद असते. पुकारण्याच्या या प्रथेला बॅन्स म्हणतात. 1 जानेवारी 1813 पासून बाप्तिस्मा आणि दफनासाठीही छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्याच्या नोंदीत राहण्याचं ठिकाण आणि बापाचा धंदा, तर दफनाच्या नोंदीत वय आणि ठिकाण. दफनाच्या वेळचं वय सांगणारा माणूस मेलेला असतो, म्हणून ते दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

एक सुखद अपवाद यॉर्कशरचा. तिथल्या विल्यम डेड नावाच्या धर्मगुरूने 1770च्या दशकात ठरवलं की नोंद भरपूर तपशिलाने ठेवायची. यॉर्कच्या धर्मप्रांतात 1777 ते 1812 या काळातल्या काही पॅरिशांमध्ये बाप्तिस्म्याच्या एका नोंदीत मूल कितवं, बापाचा धंदा, आजोबा आणि आईचे वडील, असं सगळं मिळतं. बऱ्याच व्हिकरांना हे लिखाण नकोसं झालं आणि त्यांनी ते सोडून दिलं, पण तुमचं घराणं त्या पट्ट्यातलं असेल तर एका ओळीत तीन पिढ्या हाती लागू शकतात.

वही कुठे आहे

शंभर वर्षांहून जुन्या वह्या 1978च्या चर्चच्या नियमानुसार धर्मप्रांताच्या अभिलेखागारात जमा होतात. हे बहुतेक वेळा परगण्याचंच अभिलेखागार असतं. मुंबईत किंवा न्यू जर्सीत बसून तिथे जावं लागत नाही, पण कोणत्या परगण्याच्या वह्या कोणत्या संकेतस्थळावर आहेत, हे आधी पाहावं लागतं. लंडन आणि वेस्ट यॉर्कशरच्या वह्या ॲन्सेस्ट्रीवर आहेत, डेव्हनच्या फाइंडमायपास्टवर, एसेक्सच्या अभिलेखागाराची स्वतःची सशुल्क सेवा आहे. त्यामुळे वर्षाची वर्गणी भरण्याआधी परगणा नक्की करा. फॅमिलीसर्च मोफत आहे, फक्त खातं उघडावं लागतं. तिथली काही छायाचित्रं घरून दिसत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जाऊन पाहावी लागतात. फ्रीरेग हे स्वयंसेवकांनी केलेलं मोफत लिप्यंतर आहे.

दोन प्रकारचं साहित्य वेगळं ठेवा: सूची आणि छायाचित्र. सूची म्हणजे कोणीतरी वाचून टंकलेली ओळ. शोधायला उत्तम, पुरावा म्हणून कच्ची. 'विधुर', 'दत्तक', 'गावाबाहेरचा' असे शेरे सूचीत अनेकदा गळतात, आणि नेमके तेच शेरे आपल्याला हवे असतात. सूचीतून पान शोधा, मग छायाचित्र उघडून पूर्ण पान वाचा, शिवाय मागचं आणि पुढचंही.

शोधताना आडनावावर अडून बसू नका. व्हिकरने ऐकलं तसं लिहिलं. तोंडी 'ह' गळाला की हॅमंडचा ॲमंड होतो आणि सूचीत तो वेगळ्याच अक्षराखाली जातो. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून फक्त आईबापांची पहिली नावं, पॅरिश आणि वीस वर्षांचा पट्टा टाकून पाहा. भावंडं अशीच सापडतात, आणि आडनावाचे किती अवतार झाले तेही कळतं.

एक माणूस, दोन बाप

पद्धत उदाहरणाने पाहू. समजा, 1851च्या जनगणनेत सफोकच्या एका खेड्यात थॉमस बेकर आहे: वय 47, शेतमजूर, जन्म त्याच गावचा. ती जनगणना 30 मार्चच्या रात्रीची, म्हणजे हिशेबाने जन्म 1803-04. पण वय एखाद्या वर्षाने चुकणं नेहमीचं आणि बाप्तिस्मा उशिरा होणंही नेहमीचं, म्हणून 1799 ते 1810 एवढी सगळी पानं वाचायची.

दोन थॉमस सापडले. एकाचा बाप्तिस्मा 27 मार्च 1803, आईबाप जॉन आणि मेरी. दुसऱ्याचा ऑक्टोबर 1804, आईबाप विल्यम आणि सारा. 1851 साली पहिला 48चा असणार, दुसरा 46चा. जनगणना म्हणते 47. इथे बहुतेक जण 'जवळचा' निवडतात आणि वंशवृक्ष कायमचा वाकडा होतो.

निवडायचं नाही. दफनाची वही उघडायची. जून 1805: 'थॉमस, विल्यम आणि सारा बेकर यांचा मुलगा, अर्भक'. दुसरा गेला. ज्याचा बाप्तिस्मा सापडला त्याचं दफनही शोधायचं, हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. त्या काळात पाच वर्षांच्या आत मुलं जाणं सर्रास होतं, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला द्यायची रीत होती. म्हणून विल्यम-साराला 1807 साली आणखी एक थॉमस झाला का, तेही पाहायचं. झाला असेल तर तो 1851 साली 43-44चा. जरा लांब पडतो, पण कागदावर लिहून ठेवायचा.

आता पहिला थॉमस आपला, हे अजून सिद्ध नाही. एक पर्याय गळाला इतकंच. थॉमसचं लग्न 1826चं, म्हणजे वडिलांचं नाव वहीत नाही. पण साक्षीदारांत जेम्स बेकर आहे, आणि 1800च्या बाप्तिस्म्यात जॉन-मेरीचा जेम्स सापडतो. साक्षीदाराचं नाव वाचायला लोक विसरतात. मात्र तोच साक्षीदार त्या पानावरच्या प्रत्येक लग्नाला असेल तर तो पॅरिश क्लार्क, म्हणजे चर्चचा कारकून, समजा आणि सोडून द्या. थॉमसच्या थोरल्या मुलाचं नाव जॉन असेल तर तो कौल आपल्या बाजूने, पण हलका, कारण प्रत्येक गल्लीत जॉन होता. थॉमसने बायको वारल्यावर 1837 नंतर दुसरं लग्न केलं असेल तर सोन्याहून पिवळं. त्या नोंदीत बापाचं नाव आणि धंदा सरळ लिहिलेला असेल.

शेवटी आजूबाजूची गावं. गावाभोवती साधारण दहा मैलांचं वर्तुळ काढा आणि त्यातल्या पॅरिशांत त्याच वयाचा आणखी एखादा थॉमस बेकर आहे का ते पाहा. शेतगडी दरवर्षी नव्या मालकाकडे जात, आणि जनगणनेत 'जन्म इथलाच' हे मोघमपणे सांगितलेलंही असू शकतं.

तारखा आणि अक्षरं

1751 पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. म्हणून एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा नोव्हेंबर 1720 आणि दफन फेब्रुवारी 1720 असं दिसलं तर लिहिणाऱ्याची चूक नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने 1721चा. उतरवून घेताना 'फेब्रुवारी 1720/21' असं दोन्ही सालांनिशी लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की बदल केला होता की नाही. 1752 साली 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर उजाडला, मधल्या तारखांच्या नोंदी शोधू नका.

महिन्यांचंही तसंच. '7बर' असं दिसलं की लोक जुलै धरतात. तो सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये 'सेप्टेम' म्हणजे सात. 8बर ऑक्टोबर, 9बर नोव्हेंबर, 10बर किंवा रोमन दहाचं चिन्ह असेल तर डिसेंबर.

1733 पर्यंत काही वह्या लॅटिनमध्ये आहेत, पण त्यासाठी लॅटिन शिकावं लागत नाही, पंधरा-वीस शब्द पुरतात. 'बाप्तिझातुस' बाप्तिस्मा, 'सेपुल्तुस' पुरला, 'फिलिउस' मुलगा, 'फिलिया' मुलगी, 'उक्सोर' बायको, 'विदुआ' विधवा, जी आपल्या शब्दाला किती जवळची आहे पाहा. नावंही लॅटिन पोशाखात येतात: याकोबुस म्हणजे जेम्स, गुलिएल्मुस म्हणजे विल्यम, कारोलुस म्हणजे चार्ल्स, एगिदिउस म्हणजे जाइल्स. वंशवृक्षात इंग्रजी नावच लिहा; कोणी शेतकरी स्वतःला एगिदिउस म्हणवत नव्हता.

सोळाव्या-सतराव्या शतकातलं वळण मात्र त्रास देतं. त्यातला 'एच' ओळीखाली लोंबतो, 'सी' हा 'आर'सारखा दिसतो, आणि आडनावाच्या सुरुवातीला दोन 'एफ' म्हणजे एकच मोठा 'एफ'. मोडी वाचलेल्याला यावरचा उपाय ओळखीचा वाटेल: शब्द नव्हे, लेखक वाचायचा. त्याच पानावरचे महिने आणि जॉन, मेरी अशी ठरलेली नावं घ्या, त्यांतलं एकेक अक्षर त्या हाताचं कसं पडतं याचा तक्ता करा, आणि मग आडनावाकडे वळा. हात बदलला, म्हणजे व्हिकर बदलला, की तक्ता नवा.

नोंद मिळत नाही तेव्हा

आधी वही त्या वर्षी चालू होती का ते पाहा. 1642 ते 1660 या यादवी आणि प्रजासत्ताकाच्या काळात अनेक वह्यांत खिंडारं आहेत. त्याच काळात बिशपपदंही रद्द झाली होती, त्यामुळे नकलांनी ते भरून निघत नाही. 1653च्या कायद्यानंतर काही वर्षं तर बाप्तिस्म्याऐवजी जन्माची तारीख लिहिली जाई आणि लग्नं न्यायाधीशासमोर लागत.

1783 साली प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसला आणि 1794 साली उठला. गरिबांना तो माफ होता. नोंदीपुढे 'पी', म्हणजे 'पॉपर' (गरीब), दिसला तर बहुतेक त्याचाच. काहींनी कर चुकवायला मुलांचे बाप्तिस्मे लांबवले, आणि मग एकाच दिवशी चार-पाच भावंडं रांगेने दिसतात. ती जुळी-तिळी नव्हेत. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख म्हणून वंशवृक्षात कधी भरू नका.

त्यानंतर पंथ. बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट, प्रेस्बिटेरियन लोक मुलांच्या नोंदी आपल्या प्रार्थनाघरात करत. त्यांच्या बऱ्याच वह्या 1837 नंतर सरकारने मागवून घेतल्या. त्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी 4 या संग्रहात आहेत, क्वेकरांच्या आरजी 6 मध्ये. पण 1754 ते 1837 या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना, कॅथलिकांनाही, कायदेशीर लग्नासाठी ॲंग्लिकन चर्चमध्येच यावं लागे. बाप्तिस्मा गायब पण लग्न हजर, असं दिसलं तर पंथाचा संशय घ्या.

लग्न मिळत नसेल तर नवरीचं गाव शोधा, कारण लग्न बहुधा तिच्या पॅरिशमध्ये लागे. नवऱ्याच्या गावची बॅन्सची वही इथे उपयोगी, तिच्यात नवरीचं पॅरिश लिहिलेलं असतं. 'याच पॅरिशचा' या शेऱ्यावर फार भरवसा नको; काही आठवडे राहिलेला माणूसही तसाच लिहिला जाई. परवान्याने लग्न झालं असेल तर परवाना जोडप्याकडे जाई, पण त्यासाठी केलेलं शपथपत्र आणि हमीपत्र धर्मप्रांताच्या दप्तरात राही. त्यात वय, धंदा, आणि एकवीसच्या खालच्याला संमती देणाऱ्या बापाचं नाव मिळू शकतं.

आणि गरिबांसाठी गरिबांचेच कागद. 1662च्या 'सेटलमेंट' म्हणजे वास्तव्याच्या कायद्यानुसार कोणाला पोसायची जबाबदारी कोणत्या पॅरिशची, हे ठरवलं जाई. माणूस परगावी आजारी पडला किंवा बाई विधवा झाली की त्याची किंवा तिची चौकशी होई: जन्म कुठला, नोकरी कोणाकडे, पूर्ण वर्षभर कुठे राबलात. ही जबानी मिळाली तर एका पानावर आयुष्य हातात येतं. लग्नाबाहेरच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात बाप नसतो, पण मुलाला पोसायचा खर्च पॅरिशला नको असे, म्हणून बापाकडून हमीपत्र लिहून घेतलं जाई आणि त्यात त्याचं नाव असतं. मुलाच्या मधल्या नावात एखादं अनपेक्षित आडनाव दिसलं तर हे कागद आधी उघडा. व्हिकरने जे टाळलं ते हिशेबनिसाने लिहून ठेवलं.

टिपण ठेवण्याबद्दल थोडंसं

प्रत्येक नोंदीसाठी पॅरिश, परगणा, वहीचा प्रकार, साल, पान आणि कुठे पाहिली ते लिहा. मूळ की बिशपची नक्कल तेही. शब्द जसेच्या तसे उतरवा, सुधारू नका. आणि जे सापडलं नाही त्याचीही यादी ठेवा: 'अमुक पॅरिश, दफन, 1800-1812, पूर्ण वाचलं, नाही'. ही यादी नसेल तर त्याच तेरा वर्षांची पानं तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा वाचाल.

माणूस इंग्लंडमधूनच नाहीसा झाला तर

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात एखादा विशीतला तरुण वहीत एकदम दिसेनासा होतो, ना लग्न ना दफन. ईस्ट इंडिया कंपनीचं लष्कर हे त्याचं एक ठरलेलं उत्तर. मुंबई इलाख्यातल्या चर्चांनी बाप्तिस्मा, विवाह, दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत एन/3 ही मालिका मुंबईची आहे, 1709 पासूनची. मुंबईच्या सेंट थॉमस चर्चचं काम पूर्ण होऊन ते 1718 साली उघडलं, म्हणजे नोंदी त्या इमारतीहूनही जुन्या. त्यांतल्या बऱ्याच आता फाइंडमायपास्टवर पाहता येतात. पुणे, खडकी, अहमदनगरच्या छावण्यांत वारलेल्या माणसांचं दफन इथे मिळतं, आणि महाराष्ट्रात आजही राहणाऱ्या ॲंग्लो-इंडियन कुटुंबांनी सुरुवात याच मालिकेतून करावी. फक्त इथल्या दफनाच्या नोंदीत वय आणि पलटण असते, इंग्लंडमधलं गाव बहुधा नसतं. माणूस अधिकारी म्हणून आला असेल तर एल/मिल/9 मधले कॅडेटचे अर्ज काढा: 1789 पासूनच्या त्या अर्जांसोबत वयाचा पुरावा म्हणून त्याच्या गावच्या व्हिकरने वहीतून उतरवून दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला टाचलेला असतो.